‘रेग्युलर वॉक’च्या पुढे काय? महाराष्ट्रातल्या हृदयरोगतज्ज्ञांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातले सर्व हृदयरोगतज्ज्ञ आणि हृदयशल्यविशारद

स.न.वि.वि.

आदरणीय डॉक्टर मंडळी,

तुमच्याकडून सुटी मिळालेला माणूस घरी येतो तो एक जाडजूड फाइल घेऊन. तीत अँजिओग्राफीची सीडी, टू-डी इकोचा रिपोर्ट, बिलांच्या झेरॉक्स आणि डिस्चार्ज कार्ड. कार्डावरची गोळ्यांची यादी अगदी चोख असते. कोणती किती मिलिग्रॅमची, कोणती उपाशीपोटी, कोणती अर्धी तोडून घ्यायची, लघवीची गोळी सकाळीच का घ्यायची, सगळं. आणि सगळ्यात खाली, शिक्क्याच्या जरा वर, एक ओळ असते: ‘रेग्युलर वॉक. हेवी वर्क टाळा.’

या पत्राचा विषय ती एक ओळ आहे.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट आहे. तुमचे रुग्ण माझ्याकडे हृदयासाठी क्वचितच येतात. ते येतात खांद्यासाठी. बायपासनंतर टाके उसवतील या धास्तीनं माणूस दोन-दोन महिने हात वर करत नाही. मग खांदा आखडतो, सदऱ्यात हात घालता येईनासा होतो, आणि कोणीतरी त्याला माझा पत्ता देतं. खांद्याचं काम चालू असताना गप्पा होतात, तेव्हा खरी गोष्ट कळते. हा माणूस ऑपरेशनपासून चाललेलाच नसतो. चालला तर घरातल्या घरात, सोप्यातून परड्यापर्यंत.

असाच एक दूधवाला शेतकरी आला होता. बायपास होऊन तीन महिने झाले होते. खांद्याबद्दल बोलून झाल्यावर जाता जाता म्हणाला, “म्याडम, धार कवा काढू?” म्हटलं, डॉक्टरांना विचारलं नाहीत का? “इचारायचं हुतं, पर लई गर्दी हुती.” कार्डावर ‘हेवी वर्क टाळा’ होतं. धार काढणं हे हेवी की हलकं, हे त्यानं आणि त्याच्या बायकोनं आपापसात ठरवलं होतं. हेवी, असं ठरलं. मग बायकोवर सगळा भार आला, तिला झेपेना, आणि घरातल्या तीनपैकी दोन म्हशी विकल्या गेल्या.

त्याची भीती अगदीच अनाठायी होती असं नाही. छातीचं हाड मधोमध कापलेलं असतं. ते सांधायला साधारण आठ ते बारा आठवडे लागतात. त्या काळात उकिडवं बसून दोन्ही हातांनी जोर लावणं चुकीचंच, आणि म्हशीनं लाथ मारली तर काय, हा विचार तर करायलाच हवा. पण बारा आठवड्यांनंतर, जखम भरलीय हे तुम्ही पाहिल्यावर, खोडकर नसलेल्या जनावरापासून, बुटक्या स्टुलावर बसून, आधी पाच मिनिटं, असं सुरू करायला हरकत नव्हती. हे सांगायला किती वेळ लागला असता? त्याच्याजवळ तीन गोष्टी होत्या: रोजचं काम, त्यातून होणारी हालचाल आणि दर दहा दिवसाला डेअरीतून येणारं बिल. तिन्ही एकदम गेल्या. गोळ्या मात्र तो एकही चुकवत नव्हता, कारण त्या कशा घ्यायच्या हे लिहिलेलं होतं.

तुम्ही ज्याला हेवी म्हणता ते बँकेतल्या कारकुनाला वेगळं, ऊसतोडीच्या मजुराला वेगळं, हमालाला त्याहून वेगळं. माझ्याकडे येणारे प्रश्न बघा: गॅसचा सिलिंडर कधी उचलू, गाडीला किक मारू का, नातवाला कडेवर घेतलं तर चालेल का, पाण्याची मोटार चालू करायला विहिरीच्या पायऱ्या उतरू का. आणि एक प्रश्न, जो पुरुष कधीच विचारत नाहीत आणि बायका मान खाली घालून, दार लोटल्याची खात्री करून विचारतात. दोन जिने न थांबता, छातीत न दुखता, धाप न लागता चढता आले की सहसा नवरा-बायकोच्या संबंधांना हरकत नसते, हे वाक्य तुमच्या तोंडून आलं तर अर्ध्या घरांतला अबोला संपेल. मी सांगितलं तर ‘पण डॉक्टर तसं म्हणाले नाहीत’ असं उत्तर मिळतं.

आता ‘पंपिंग’बद्दल, म्हणजे एका ठोक्यात हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं त्याबद्दल. इकोचा रिपोर्ट हातात देताना तुम्ही किंवा तुमचे निवासी डॉक्टर म्हणता, “पंपिंग ३५ आहे.” तुमच्या दृष्टीनं ती नोंद. त्याच्या दृष्टीनं १०० पैकी ३५ मार्क, म्हणजे काठावर पास. उरलेलं ६५ टक्के हृदय मेलं असा हिशोब तो घरी जाऊन मांडतो, आणि उरलेलं पुरवून वापरायचं म्हणून खाटेवर पडून राहतो. निरोगी माणसाचं पंपिंगसुद्धा साधारण ५५ ते ७० असतं, १०० कोणाचंच नसतं, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. पंपिंग कमी असलेल्या, पण तब्येत स्थिर असलेल्या माणसालाही बेताबेतानं व्यायाम करता येतो, आणि केला तर त्याचा दम वाढतो. हे ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो ते मी किती वेळा पाहिलंय! पण ते ऐकायला त्याला आधी खांदा आखडून घ्यावा लागतो, ही आपल्याकडची व्यवस्था.

घरचे लोक हा दुसरा अडथळा, आणि तो प्रेमाचा आहे म्हणून जास्त अवघड. बघायला येणारा प्रत्येक पाहुणा शहाळं आणि सल्ला घेऊन येतो. “आता आराम करा. पोरं आहेत की बघायला.” चहाचा कपसुद्धा हातात आणून देतात. जुन्या माणसांचं चुकतं असंही म्हणवत नाही, कारण त्यांनी ऐकलेलं वैद्यकशास्त्र तेच होतं. हृदयविकाराच्या झटक्यानंतर सहा-सहा आठवडे अंथरुणातून उठायचं नाही, हा जगभरचा शिरस्ता होता. १९५० च्या सुमारास बोस्टनचे हृदयरोगतज्ज्ञ सॅम्युअल लिव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन यांनी रुग्णांना पहिल्या काही दिवसांतच खुर्चीत बसवायला सुरुवात केली, तेव्हा नुसत्या खुर्चीत बसवण्यावरूनही विरोध झाला. डॉक्टरांनी तो शिरस्ता केव्हाच सोडला. तो सोडल्याची बातमी आमच्या गल्लीतल्या आजीपर्यंत पोचवायची कोणी?

ही बातमी पोचायच्या आत मोबाइलवर दुसऱ्या बातम्या पोचतात. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार वयाच्या ४६ व्या वर्षी गेले. त्या दिवशी सकाळी ते व्यायामशाळेत होते. त्यानंतरच्या दिवसांत बेंगळुरूच्या रुग्णालयांत तपासणीसाठी रांगा लागल्या, आणि सीमा ओलांडून ती भीती आमच्याकडेही आली. तेव्हापासून ट्रेडमिलवर कोसळणारा कोणी ना कोणी दर महिन्याला व्हॉट्सअॅपवर फिरत असतो. खाली लिहिलेलं असतं, ‘सावध राहा’. रुग्णाची मुलगी तो व्हिडिओ मला दाखवते आणि विचारते, “बाबांना कशाला चालवताय?”

तिला मी आकडा सांगते. देखरेखीखाली चाललेल्या हृदयरुग्णांच्या व्यायामवर्गांचा अमेरिकेत हिशोब मांडला गेला तेव्हा व्यायामाच्या १,१६,९०६ रुग्ण-तासांमागे एकदा हृदय बंद पडल्याची घटना आढळली, आणि मृत्यू ७,५२,३६५ तासांमागे एक. आधी तपासणी, मग हळूहळू वाढवलेला, कोणाची तरी नजर असलेला व्यायाम ही एक गोष्ट आणि कधी जोर न काढलेल्या माणसानं एकदम अंगात आल्यासारखं धावणं ही दुसरी. पण ती माझ्याकडे बघून मान हलवते आणि मनातल्या मनात तुमच्याकडे बघत असते. तुम्ही कार्डावर तसं कुठे लिहिलंय?

इथे थोडं तुमच्याच शास्त्राकडून उसनं घेते. कॉक्रेन ही जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था. तिच्या २०१६ च्या आढाव्यात व्यायामावर आधारलेल्या हृदय-पुनर्वसनाचे ६३ अभ्यास आणि १४,४८६ रुग्ण होते. हृदयविकारानं होणारे मृत्यू १०.४ टक्क्यांवरून ७.६ टक्क्यांवर आले आणि रुग्णालयात पुन्हा भरती व्हायचं प्रमाण ३०.७ वरून २६.१ टक्क्यांवर. एखाद्या नव्या गोळीनं एवढं केलं असतं तर औषध कंपन्यांचे प्रतिनिधी तुमच्या दाराबाहेर बाकावर ओळीनं बसलेले दिसले असते. चालण्याचा प्रतिनिधी कोणी नाही. म्हणून हे पत्र.

आणि दुसरा अभ्यास, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १९९२ साली अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये ज्येष्ठ हृदयरुग्णांपैकी व्यायामवर्गाला कोण येतं आणि कोण येत नाही, हे तपासलं गेलं. दर पाचातला जेमतेम एक आला. वय, अंतर, आजाराची तीव्रता, सगळं पाहिलं. सर्वांत जास्त वजन कशाचं निघालं? आपल्या डॉक्टरांनी किती जोर देऊन सांगितलं याचं. परदेशातलं आणि जुनं आहे, मान्य. पण आपल्याकडे तर डॉक्टरांचा शब्द याहून भारी. ज्या माणसानं पन्नास वर्षांची तंबाखू तुमच्या एका दरडावणीनं सोडली, असे माझ्या ओळखीत आहेत. तेवढाच जोर चालण्यासाठी लावलात तर?

तुमची ओपीडी मी पाहिलेली आहे. सकाळी नऊला सुरू झालेली दुपारी चारला संपत नाही, मध्येच कॅथलॅबमधून बोलावणं येतं. एकेका रुग्णाशी अर्धा तास बोला असं म्हणायला मी वेडी नाही. तुम्ही एक मिनिट द्या आणि ते मिनिट रुग्णाच्या बायकोसमोर किंवा मुलासमोर द्या. “यांना चालवा. मी सांगतोय. बसवून ठेवलंत तर माझी मेहनत वाया.” बस. पुढचं आम्ही बघतो.

‘आम्ही’ म्हटलं खरं, पण आमच्याकडेही सगळं आलबेल नाही. आमच्यातले बरेच जण ‘शेक आणि करंट’च्या पलीकडे जात नाहीत. हृदयरुग्ण म्हटला की ‘नको बाबा, काही झालं तर’ म्हणून हात झटकणारे फिजिओथेरपिस्ट मला माहीत आहेत. तुमची चिठ्ठी हातात असेल, तिच्यावर पंपिंग, नाडीचा ठोका, काय टाळायचं आणि कोणत्या नंबरवर फोन करायचा हे लिहिलेलं असेल, तर त्यांचीही भीड चेपेल.

बायकांचं सांगायचं तर वेगळं पत्र लागेल. झटका आलेल्या बाईला घरात पहिलं वाक्य ऐकायला मिळतं, “तुला कशाला व्यायाम? घरकामात होतोच की.” खेदाची गोष्ट म्हणजे हे कधी कधी दवाखान्यातही ऐकू येतं. घरकामात दमणूक होते, ओझी उचलली जातात, तासन्‌तास उभं राहणं होतं. सलग वीस मिनिटं एका लयीत चालणं होत नाही. आणि ती बाहेर पडली तर? इचलकरंजीच्या यंत्रमागाच्या भागातली एक काकू. नवरा मागावर, बारा तासांची पाळी. तिला चालायला सांगितलं, तर तिसऱ्या दिवशी बंद. गल्लीतली एक बाई म्हणाली होती, “काय गं, या वयात पोरीगत फिराय लागलीस?”

तिला मी प्रदक्षिणा सांगितल्या. घराजवळ मोठं देऊळ आहे, आवार फरसबंद आणि सपाट, गाड्या नाहीत, बसायला कट्टा, प्यायला पाणी, आणि सकाळ-संध्याकाळ बायकांची ये-जा. देवळात फेऱ्या मारणाऱ्या बाईला कोणी ‘कुठे चाललीस’ म्हणत नाही. पहिल्या आठवड्यात पाच प्रदक्षिणा आणि कट्ट्यावर बसणं, मग सात, मग अकरा. तिला साखरेचाही त्रास होता, तळपायाची आग व्हायची, म्हणून अनवाणी न फिरता जाड मोजे घालायचे आणि घरी आल्यावर तळवे आरशात बघायचे एवढं पथ्य. उन्हाळ्यात दुपारची फरशी तापते, तेव्हा फक्त सकाळी. पुढे तिच्यासोबत आणखी दोघी फिरायला लागल्या. त्यांतल्या एकीला काहीच झालेलं नव्हतं, तिला नुसती सोबत हवी होती. देवावरची माझी श्रद्धा बेताचीच आहे, पण देवळाच्या आवाराइतकी बायकांसाठी सुरक्षित, फुकट आणि टोमणेमुक्त चालण्याची जागा आमच्या गावात दुसरी नाही.

कारण रस्ता ही जागाच राहिलेली नाही. तुम्ही ‘मॉर्निंग वॉक’ म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर रंकाळ्याची फिरायची वाट किंवा पुण्यातली एखादी टेकडी असते. आमच्याकडे गळीत हंगामात, दिवाळीच्या आगेमागे ते पुढे मार्चपर्यंत, पहाटे रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. एकामागे एक जोडलेल्या, मागे दिवा नाही, बाहेर आलेले ऊस अंगाला घासतील एवढ्या जवळून जाणाऱ्या. त्या अंधारात छातीवर ताजी शिवण असलेल्या माणसानं साइडपट्टीवरून चालायचं? पावसाळ्यात चिखल, शेवाळ. आणि कुत्री. बायपास झालेल्या माणसाच्या मागे कुत्रं लागलं की तो धावतो, आणि ती धाव तुमच्या कोणत्याही स्ट्रेस टेस्टपेक्षा कडक असते. एकदा तसं झालं की तो परत बाहेर पडत नाही. विदर्भातल्या माझ्या मैत्रिणीचं म्हणणं याहून वेगळं. तिकडे एप्रिल-मे मध्ये सकाळी आठनंतर बाहेर पडणं म्हणजे लघवीच्या गोळीवर असलेल्या माणसाला चक्कर आणण्यासारखं.

लघवीच्या गोळीवरून आठवलं. हा अडथळा मी कोणत्याही पुस्तकात वाचला नव्हता, रुग्णांनीच शिकवला. पायावर सूज असलेल्या, सकाळी गोळी घेतलेल्या माणसाला पुढचे दोन-तीन तास दर थोड्या वेळानं जावं लागतं. रस्त्यावर स्वच्छतागृह नाही. पुरुष कुठेतरी आडोसा बघतो, बाई काय करणार? मग एक तर ती चालत नाही किंवा गुपचूप गोळी बुडवते. दुसरं जास्त धोक्याचं. यावर उपाय सोपा आहे: चालणं गोळीच्या आधी किंवा संध्याकाळी. पण गोळीची वेळ मागेपुढे करायचा अधिकार तुमचा, माझा नाही. कार्डावर एक ओळ वाढवाल? आणि नगरपालिकेतले कोणी हे वाचत असतील तर त्यांनी बागेतल्या कुलूप लावलेल्या स्वच्छतागृहाची किल्ली कोणाकडे असते एवढं शोधावं.

शहरात शिकलेल्या मुलांचं वेगळंच. बाबांना मनगटावर घड्याळ आणून देतात, त्यात २२० वजा वय असं गणित घालतात आणि ठोका तिथवर न्यायला लावतात. बाबा बीटा ब्लॉकरवर. गोळीनं ठोका बांधून ठेवलेला, तो चढतच नाही, आणि बाबा बिचारे पाय ओढत आणखी जोरात चालतात. त्यापेक्षा आमची जुनी कसोटी बरी: चालताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे, गाणं मात्र म्हणता येऊ नये. अभंग सहज गाता येत असेल तर जरा वेग वाढवा. ‘ज्ञानोबा-तुकाराम’ म्हणतानाच दम तुटत असेल तर कमी करा.

आता पैसा. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारनं स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आणली, औषधाचा लेप असलेली स्टेंट २९,६०० रुपयांच्या आत आली, आणि माझ्या ओळखीतल्या कितीतरी कुटुंबांचं शेत वाचलं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी आणि बायपास होतात. ‘स्प्रिंग टाकली, एक रुपया लागला नाही’ हे वाक्य आता खेड्यात सर्रास ऐकू येतं. याचं श्रेय द्यायलाच हवं. या योजनेच्या यादीत सुरुवातीलाच पाठपुराव्याची १२१ पॅकेजं होती, म्हणजे ऑपरेशननंतरही माणूस असतो हे सरकारला ठाऊक आहे. पण त्याच योजनेतला रुग्ण व्यायाम शिकायला माझ्याकडे येतो तेव्हा पैसे खिशातून काढतो. एसटीचं भाडं, सोबत येणाऱ्याची बुडालेली हजेरी आणि माझी फी. तिसऱ्या खेपेला तो येत नाही आणि मी त्याला दोष देऊ शकत नाही. आपल्याकडे पहिला झटका पाश्चात्त्यांपेक्षा लवकर येतो. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या रुग्णांचं मधलं वय ५३ होतं. म्हणजे कमावता माणूस. त्याला आठवड्यात तीनदा तालुक्याला ये म्हणणं व्यवहाराला धरून नाही.

मग घरच्या घरी, फोनवर? हो. सुरुवातीला एक-दोनदा समोर पाहून, नंतर घरी करून फोनवर विचारपूस, या पद्धतीनं केंद्रात येऊन केलेल्या व्यायामाइतकाच फायदा होतो, असं कॉक्रेनचेच आढावे सांगतात. गावोगावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांत समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, रक्तदाब मोजायचं यंत्र आहे, योगाचे वर्ग घ्यायचेही आदेश आहेत. तिथे हृदयरुग्णांची नावं पाठवली गेली तर निदान आठवड्यातून एकदा कोणीतरी ‘चाललात का’ विचारेल. ही नावं तुमच्या डिस्चार्ज कार्डावरूनच जायला हवीत.

योगाचं नाव निघालं की दोन टोकं दिसतात. एक म्हणतं, प्राणायामानं ब्लॉकेज उघडतात, गोळ्या सोडा. दुसरं हसतं. ‘योगा-केअर’ नावाची चाचणी भारतात २४ रुग्णालयांत ३,९५९ रुग्णांवर झाली, निकाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. बारा आठवड्यांच्या योगाधारित पुनर्वसनानं पुन्हा झटका किंवा मृत्यू ठळकपणे कमी झाल्याचं सिद्ध झालं नाही. पण त्या लोकांना स्वतःची तब्येत अधिक चांगली वाटली आणि ते आपल्या पूर्वीच्या कामांकडे जास्त प्रमाणात परतले. माझ्या दूधवाल्याला नेमकं हेच हवं होतं. शिवाय सतरंजी सोडून काही लागत नाही, पाऊस असला तरी होतं, आणि साडीतल्या बाईला बूट घालून मैदानावर जायची लाज आड येत नाही. ज्याला चालायचं नाही त्याला योगाकडे वळवा. गोळ्या सोडायच्या नाहीत, हे मात्र ठणकावून सांगा.

लोक चालायला लागतात ते कशानं, हेही तुम्हाला सांगते, कारण ‘कोलेस्टेरॉल कमी होईल’ म्हणून रोज चालणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. माणसाला कुठेतरी जायचं असतं. आमच्या भागातल्या अनेकांना वारीला जायचं असतं. दरवर्षी जाणारा वारकरी, झटका येतो, तुमच्याकडे विचारतो, “औंदा वारीला जाऊ?” आणि तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणता, “मुळीच नाही.” त्या वर्षापुरतं ते बरोबरही असतं. पण त्या ‘नाही’नं तो मिटतो. त्याऐवजी म्हणा, “यंदा नाही. माघापासून रोज चाला, चैत्रात मला दाखवा, तेव्हा तपासून ठरवू. सगळी नाही जमली तर वाखरी ते पंढरपूर तरी.” असं सांगितलेला एक गृहस्थ माझ्याकडे वहीत रोजची मिनिटं लिहून आणायचा, एकादशीला लाल शाईनं. दिंडीतल्या लोकांनी त्याच्यासोबत चालायच्या पाळ्या लावून घेतल्या होत्या, सदऱ्याच्या कोणत्या खिशात जिभेखालची गोळी आहे हे सगळ्यांना माहीत होतं. असा व्यायामवर्ग कोणत्या कॉर्पोरेट रुग्णालयात मिळेल?

मनाचाही भाग आहे. झटक्यानंतर साधारण पाचातला एक जण खोल उदासीत जातो. त्याला ‘आळशी’ म्हणून चालवता येत नाही. त्याची झोप, भूक, बोलणं विचारा आणि गरज असेल तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवा.

तर माझी मागणी. डिस्चार्जच्या आधी वॉर्डबाहेरच्या बोळात रुग्णाला सहा मिनिटं चालवून बघा. तीस मीटरची सरळ जागा, दोन खुणा, एक स्टॉपवॉच, बसायला खुर्ची. ट्रेडमिल लागत नाही. किती मीटर चालला ते कार्डावर लिहा. त्याखाली लिहा: सपाटीवर, जेवणानंतर दीड-दोन तासांनी, आधी दहा मिनिटं दिवसातून दोनदा, दर आठवड्याला पाच मिनिटांनी वाढवत सलग अर्ध्या तासापर्यंत. अर्थात आकडे प्रत्येकाचे वेगळे, ते तुम्हीच ठरवायचे. कुठे थांबायचं ते लिहा. त्याचा धंदा विचारा आणि त्या धंद्यातलं कोणतं काम कोणत्या महिन्यापासून, ते लिहा. आणि पुढच्या तारखेला तो आला की लिपिडचा रिपोर्ट उघडायच्या आधी विचारा, “किती मिनिटं चालता?” पुढच्या खेपेला तो उत्तर तयार करून येईल.

या सगळ्याचा अर्ध्या पानाचा मराठी नमुना मी तयार केला आहे. रुग्णांना तो वाचून दाखवून त्यातले तीन शब्द बदलावेही लागले. त्यात वैद्यकीय चुका असतील त्या तुम्ही काढा. आमच्या जिल्ह्यातल्या कोणा एका डॉक्टरांनी जरी तो आपल्या शिक्क्याखाली वापरायचं ठरवलं तर छपाईचा खर्च माझा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट,
कोल्हापूर जिल्हा

ता.क. हे पत्र रुग्णही वाचतील म्हणून: इथे दिलेली मिनिटं आपल्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरू करू नका. चालताना छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखलं, गरगरलं, दरदरून घाम आला तर तिथेच खाली बसा आणि डॉक्टरांनी दिलेली जिभेखालची गोळी बसूनच घ्या, उभ्यानं नको, चक्कर येते. पाच मिनिटांत बरं वाटलं नाही तर १०८ ला फोन करा. इन्सुलिनवर असाल तर उपाशीपोटी चालायला निघू नका, खिशात साखर ठेवा. पहाटे रस्त्यावर ट्रॉल्या असतील तर उजाडेपर्यंत थांबा.